आवाहन : २६ जानेवारीच्या सत्कार समारंभासाठी हातभार लावावा

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

सुगी आटोपली, मसूर-हरभरा पेरून झाला, तेव्हा दोन घटका बसून वाचायला सवड असेल म्हणून आजच लिहितो. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की वाचनालयाच्या पटांगणात गावातल्या ९ जणांचा सत्कार करायचं कार्यकारी मंडळाने ठरवलंय. ठरवलंय खरं, पण पेटीत आजच्या तारखेला ६,२०० रुपये आहेत. त्यातले २,००० लाइटबिलाचे.

यंदा कार्यक्रम पुढे ढकलायचा नाही यावर बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं. असं एकमत आपल्याकडे क्वचित होतं. त्याचं कारण कपाटात आहे. दोन वर्षांपूर्वी सुईण आजींचा सत्कार ठरला होता. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलं, हे लिहिणारासुद्धा. वर्गणी जमली नाही, "पुढच्या वर्षी करू" म्हणालो, आणि भाद्रपदात आजी गेल्या. शाल आधीच आणून ठेवली होती. ती घेऊन गेलो तर सूनबाई म्हणाल्या, "आता कुणाला पांघरता?" ती शाल खडेबाजारातल्या दुकानाच्या पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट, नोंदवहीच्या कप्प्यात तशीच आहे. वही काढताना दर वेळी पिशवी वाजते.

यंदाच्या ९ जणांना तुम्ही ओळखताच. तरी आपल्या पोस्टमनमामांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सायकलवरून टपाल वाटता वाटता ते कन्नड वाचायला शिकले. आपलं गाव कर्नाटकात, म्हणून सरकारी कागद कन्नडमधून येतात आणि मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या शेताचा उतारा वाचता येत नाही, हे दुखणं आपल्याकडे घरोघरी आहे. कागदपत्रं मराठीतून मिळावीत ही मागणी जुनी, ती सोडायची नाहीच. पण तोवर नोटिशीतली तारीख थांबत नाही. निवृत्त झाल्यापासून मामा दर मंगळवारी पारावर बसतात. चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरतात, एकदा मनात वाचतात, मग मोठ्याने मराठीत सांगतात. वाटणीचा कागद असला तर बाकीच्यांना आधी उठवून लावतात. चहाखेरीज कुणाकडून काही घेतलेलं नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एका घरच्या उताऱ्यात धाकट्या भावाचं नाव गळालेलं त्यांनीच पकडलं, नाहीतर दोघे भाऊ आज कोर्टाच्या पायऱ्या झिजवत असते.

१९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाऊन तुरुंगात राहून आलेले दोघे यंदा आहेत. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी १७ जानेवारीला आपण बेळगावच्या हुतात्मा चौकात जातो, १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर जातो, ते जायलाच पाहिजे. पण त्याच लढ्यातली जिवंत माणसं आपल्या गल्लीत गुडघे धरून बसलीत, त्यांच्या दारात कोण जातं? १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा आपल्या गावातून चालत गेलेली मंडळी होती असं जुनी माणसं सांगायची. त्यातलं एकही नाव आपल्या वहीत नाही. सांगणारे होते तोवर आम्हीही टिपून घेतलं नाही.

बाकी सहा जण असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय नदी शिवार ओलांडून खालच्या गल्लीत शिरली, तेव्हा रात्रभर ट्रॅक्टर घालून म्हातारी-कोतारी, लेकरं आणि म्हशी बाहेर काढणारे आमचे ट्रॅक्टरवाले. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन पोरांना पहाटे माळावर पळवणारे सुभेदार. पहिलीचा पट टिकावा म्हणून मे महिन्याच्या उन्हात दारोदार फिरणाऱ्या मराठी शाळेच्या बाई. मुलींना पहिल्यांदा लाल मातीत उतरवणारे वस्ताद आणि त्यांची पट्टशिष्या. शेवटचे आपले वॉलमन. "पाणी सोडणाऱ्याचा कसला सत्कार?" असं बैठकीत एकाने विचारलं. "एक दिवस वॉल फिरवला नाही की कळेल," एवढंच उत्तर पोस्टमनमामांनी दिलं.

ज्यांच्या जिवावर हे इतकी वर्षं चाललं त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्या सत्काराला मांडव नव्हता. वेशीजवळच्या किराणावाल्या आप्पांनी दुकानापुढची ताडपत्री सोडून आणली आणि पुन्हा मागितली नाही. तीच आज वाचनालयाच्या गळक्या कौलांवर आहे. पेठेतल्या हलवाईदादांनी सलग तीन वर्षं कुंदा पाठवला, पैशाचं नाव काढलं नाही. गोव्यात कामाला असलेली पोरं एका गणपतीला येताना आपसात गोळा करून माइक-स्पीकर घेऊन आली. महिला मंडळाने शंभर माणसांच्या भाकऱ्या थापल्या. मानपत्रं ड्रॉइंगचे गुरुजी बोरूने लिहून देतात. आता हात थरथरतो म्हणून यंदा त्यांनी दिवाळीपासूनच हातात घेतली आहेत, रोज दोन ओळी. आणि एक माउली आहेत, नाव सांगायचं नाही अशी ताकीद आहे. पेन्शन उचलली की शंभराची नोट घडी करून पुस्तकात ठेवतात आणि पुस्तक परत करतात. पुढच्या महिन्यात तेच पुस्तक पुन्हा नेतात.

गेल्या वर्षी मात्र जिव्हारी लागलं. १५० खुर्च्या भाड्याने आणल्या, मोजून ३४ भरल्या. सत्कारमूर्तींना टाळ्या वाजवायला त्यांच्याच घरची माणसं. त्याच रात्री शेजारच्या गावच्या ऑर्केस्ट्राला आपल्याकडून चार टेंपो भरून गेले, हेही कानावर आलं. राग धरलेला नाही, पण विसरलोय असंही नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी ही आपल्यासारखीच शेतकऱ्यांची गावं. ती लोकवर्गणीवर साहित्य संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडीला बायाबापड्या डोक्यावर कळशी घेऊन निघतात. तिथे काय पैशाची झाडं आहेत? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभं आहे. आपल्याला सालातला एक दिवस निभावता येऊ नये?

खर्च : शाल-श्रीफळ, फेटे, मानपत्रांच्या चौकटी, मांडव, खुर्च्या, चहा-फराळ मिळून अंदाजे ३८,००० रु. वर्गणी घरटी २०० रु. धरली आहे, जास्त दिल्यास आनंद. अडचण असेल त्यांनी मला एकट्याला सांगावे, चर्चा होणार नाही. तांदूळ, गूळ, नारळ चालतील. पैसे रोज सायं. ६ ते ८ वाचनालयात, पावतीशिवाय कुणाकडेही देऊ नयेत. खाते क्रमांक व क्यूआर कोड आतल्या फळ्यावर आहे, पुणे-मुंबई-गोव्याच्या मंडळींनी घरच्यांकडून फोटो मागवावा. मुदत २० जानेवारी, चौकटवाला त्यानंतर घेत नाही. झेंडावंदन शाळेत सकाळी ८ ला, तिथून लेझीमसह वाचनालय, कार्यक्रम ९:३० ला. हिशेब १ फेब्रुवारीस फळ्यावर लागेल.

सुईण आजींची शाल यंदा सूनबाईंच्या हाती देणार आहोत. त्या येते म्हणाल्यात.

आपला नम्र,
चिटणीस, ग्राम वाचनालय
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता.क. : गेल्या वर्षीच्या कार्यक्रमानंतर दोन सतरंज्या आणि चहाची मोठी किटली परत आलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रात्री दाराशी ठेवून गेलं तरी चालेल, कुणी विचारणार नाही.