इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे केवळ दणदणाट नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरवणुकांतील ध्वनिवर्धकांच्या भिंती, त्यांनी हादरणाऱ्या खिडक्या आणि वृद्धांना व आजाऱ्यांना होणारा त्रास यांविषयी वृत्तपत्रांतून दरवर्षी लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. मात्र या रास्त तक्रारीच्या ओघात यंत्रांवर केलेले नाचाचे संगीत भावनाशून्यच असते, असेही सरसकट म्हटले जाते. त्याला माझी हरकत आहे. आवाज किती मोठा असावा हा एक प्रश्न आहे. त्या संगीतात काय सांगितले आहे, हा अगदी निराळा.

भावगीते आणि ख्याल ऐकत वाढलेला मी या संगीताकडे उशिरा, चाळिशी उलटल्यावर वळलो. मला प्रथम खिळवून ठेवले ते 'ब्रॉन्स्की बीट' या ब्रिटिश त्रिकुटाच्या १९८४ मधील 'स्मॉलटाउन बॉय' या गाण्याने. समलिंगी असल्यामुळे घर सोडावे लागलेला, जवळचे सारे सामान एका लहानशा बॅगेत भरून फलाटावर उभा असलेला एक मुलगा त्यात आहे. जिमी सॉमरव्हिल टिपेच्या, विलापासारख्या स्वरात त्याची व्यथा गातो आणि खालचा सिंथेसायझरचा (विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याचा) ठेका क्षणभरही अडखळत नाही. जात्याची घरघर अखंड चालू असते म्हणून ओवी गाणारीला मनातले बोलायला आधार मिळतो. हा ठेका त्या आवाजाला तसाच आधार देतो. तो काढून टाकला, तर उरेल ते केवळ रडगाणे.

यंत्राने माणसाला हद्दपार केले, हा आक्षेपही पूर्ण खरा नाही. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या संगीत-निर्मात्यांनी जर्मनीतील म्युनिकमध्ये अमेरिकन गायिका डोना समरसाठी केलेले 'आय फील लव्ह' (१९७७) हे गाणे या परंपरेचा एक उगम मानले जाते. त्यातील जवळजवळ सारे स्वर 'मूग' नावाच्या सिंथेसायझरचे आहेत. परंतु त्या यांत्रिक प्रवाहावर तरंगणारा डोना समरचा आवाज इतका हळुवार आहे, की यंत्राच्या नियमितपणामुळेच त्यातील प्रत्येक श्वास कानाला जाणवतो.

'पेट शॉप बॉइज' या ब्रिटिश जोडीने १९९० मधील 'बिहेव्हियर' हा अल्बम त्याच म्युनिकमध्ये, मोरोडर यांच्यासोबत काम केलेल्या हॅरल्ड फाल्टरमायर यांच्या साह्याने केला. त्यातील 'बीइंग बोअरिंग' ऐकताना मी आजही अस्वस्थ होतो. गायक नील टेनंट यांच्या तारुण्यातील एक मित्र एड्सने गेला, त्याची आठवण या गाण्यात आहे. तरुणपणच्या मेजवान्या, घर सोडून शहरात येणे आणि पुढे, जे आयुष्यभर सोबत असतील असे वाटले होते त्यांतील काहींचे नसणे, हे सारे ते आवाज न चढवता, संथपणे सांगतात. एका पिढीचा शोक नाचता येईल अशा लयीत मांडणे हे मला मोठ्या कलावंताचे काम वाटते.

अलीकडचे उदाहरण स्वीडनच्या रॉबिन या गायिकेचे. तिच्या 'डान्सिंग ऑन माय ओन' (२०१०) मध्ये आपल्या प्रियकराला दुसरीसोबत पाहणारी स्त्री त्याच नाचघराच्या कोपऱ्यात एकटीच नाचत राहते. ती निघून जात नाही, तक्रारही करत नाही. विरहाच्या इतक्या गाण्यांनंतरही ही अवस्था मला नवी आणि अगदी खरी वाटली.

या वाद्यांशी आपलाही संबंध आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभरच्या रसिकांनी तिचे कौतुक केले.

आपल्या रविवार पुरवणीत शास्त्रीय मैफली आणि जुनी चित्रपटगीते यांविषयी आस्थेने लिहिले जाते. तशाच आस्थेने, गीतांचा आशय उलगडून दाखवत, या संगीतावरही जाणकारांकडून लिहून घ्यावे, अशी विनंती आहे. वाचकांनीही वर उल्लेखिलेली गाणी घरी, बेताच्या आवाजात, शब्दांकडे लक्ष देऊन ऐकावीत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सोलापूर