प्लास्टर दोन महिने, बूट चार वर्षं

सांगली,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज काल मार्केट यार्डात ऐकला. हळदीचे सौदे चालू होते, कालवा एवढा की फोन कानाला दाबून दोनदा ऐकला. तुझ्या साडूंच्या बाळाचा पाय जन्मतःच आत वळलाय, डॉक्टर ज्याला क्लबफूट म्हणतात ते, आणि प्लास्टर घालू म्हणालेत. तू विचारलंस, "दोन महिन्यांत मोकळं होतं ना रे सगळं, तुमच्या चिमीसारखं?" फोनवर मी "हो, होतंय नीट" म्हणून विषय संपवला असता. म्हणून लिहायला बसलो. साडूंना आणि वहिनींनाही वाचायला दे.

पाय सरळ होतो, हे आधी सांगतो. चिमी अडीच वर्षांची झाली, गणपतीच्या देवळाच्या आवारात माझं बोट सोडून पळते. पण दोन महिन्यांत मोकळं होत नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरांचं बरंचसं काम संपतं आणि आईबापांचं सुरू होतं. आम्हाला हे सांगितलं होतं, तरी आम्ही चुकलो. तेच तुला सांगायचंय.

ती जन्मली तेव्हा उजवा तळवा पार आत वळून वर बघत होता, टाच वर ओढलेली. नर्सनं दुपट्यात गुंडाळून दिली तेव्हा मला आधी दिसलंच नाही. हिला दिसलं. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" त्या रात्री ही झोपली नाही. नऊ महिन्यांत विळीवर कधी बसले, कधी पाय दुमडून झोपले, ते आठवत राहिली. मी शेजारी बसून होतो आणि मला काही बोलता आलं नाही, कारण मलाही काही माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. हजारात साधारण एका बाळाला हे होतं, मुलग्यांना मुलींच्या दुपटीनं. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. कधी घराण्यात असतं, बऱ्याचदा नसतं. आईच्या बसण्या-उठण्याचा, ग्रहणाचा, विळीचा काडीचाही संबंध नाही. पम्या, साडूंच्या घरीही कुणीतरी हे विचारणारच. वहिनींच्या कानावर ते पडायच्या आत तू जाऊन हे बोल.

आणि तेल लावून, पाय दाबून "वर्षभरात बसतो" म्हणणारं कुणी भेटलं तर ऐकू नका. आम्ही एका जाणत्या माणसाचं ऐकून तीन आठवडे घालवले. तेवढ्यानं नुकसान झालं नाही, पण पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलेलं बरं, तेव्हा सांध्यांचे बंध फार मऊ असतात.

दर मंगळवारी मिरजेला जायचो. ओपीडीच्या व्हरांड्यात बादल्या मांडलेल्या असायच्या आणि ओळीनं बसलेल्या आया पोरांचे पाय कोमट पाण्यात भिजवून जुनं प्लास्टर उलगडायच्या. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. आतून निघालेल्या पायाची सालपटं निघालेली असायची, आंबूस वास यायचा, आणि तो पाय मागच्या मंगळवारपेक्षा थोडा सरळ असायचा. एवढ्यासाठी आठवडाभर जीव टांगलेला असायचा.

पहिल्या प्लास्टरनंतर मात्र घाबरू नका. आम्हाला पाय आधीपेक्षा जास्त आत वळल्यासारखा दिसला. मी डॉक्टरांशी जवळजवळ भांडलोच. त्यांनी शांतपणे समजावलं की आधी तळव्याचा खोलगट बाक काढायचा असतो, त्यासाठी अंगठ्याकडची बाजू वर उचलून धरावी लागते. मग दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं बाहेर फिरवायचं. घोट्यातल्या एका हाडावर ते अंगठा टेकवून धरायचे आणि बाकीचं पाऊल त्याच्याभोवती फिरायचं. जात्याचा मधला खिळा आणि त्याभोवती फिरणारी वरची पाळी, अगदी तसं. जोर अजिबात लावत नव्हते. चिमी आईचं दूध पीत असायची आणि प्लास्टर गुंडाळून व्हायचं.

ही पद्धत पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची. मूळचे स्पेनचे, अमेरिकेत आयोवाला काम करायचे. १९६३ साली त्यांनी आपले निकाल छापले, पण कित्येक वर्षं बाकीचे सर्जन मोठमोठी ऑपरेशनंच करत राहिले. पुढे नव्वदीच्या दशकात ही पद्धत पसरली, त्यात पोरांच्या आईबापांनी इंटरनेटवर एकमेकांना सांगितल्याचा मोठा वाटा होता. मला हे फार मोलाचं वाटतं. मीही आज तुला तेच सांगतोय.

आम्हाला सहा प्लास्टरं लागली. बोटांपासून पार जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात. बाळाची आंघोळ बंद, नुसतं अंग पुसून घ्यायचं. माझ्या आईला त्याचंच जास्त वाईट वाटायचं, शेक नाही, धुरी नाही. तिनं मग डोक्याला आणि हातांना तेल लावून हौस भागवली. साडूंना दोन गोष्टी सांग. बोटं रोज बघायची. दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी झाली पाहिजेत. निळी-पांढरी राहिली किंवा सुजली तर रात्र असली तरी निघायचं. आणि बोटं प्लास्टरच्या आत गेल्यासारखी दिसली, म्हणजे प्लास्टर खाली घसरलंय, तर मंगळवारची वाट बघायची नाही.

शेवटी टाचेमागची शीर कापतात, म्हणजे रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरीसारखी शीर. बहुतेक पोरांना हे करावं लागतं. ऐकून माझे हातपाय गार पडले होते. प्रत्यक्षात जागा बधिर करून बारीकसा छेद, टाका नाही, काही मिनिटांत बाहेर. वर तीन आठवड्यांचं प्लास्टर, तेवढ्यात ती शीर लांब होऊन पुन्हा सांधते.

आणि मग बूट. दोन बूट, मधे एक पट्टी. आजारी पायाचा बूट ७० अंश बाहेर, चांगल्या पायाचा ४०. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास. नंतर फक्त झोपेत, रात्री आणि दुपारी, पण चार वर्षांची होईपर्यंत. पहिल्या तीन रात्री ती रडली, आम्हीही. मग तिला कळलं की दोन्ही पाय एकदम झाडले की पट्टी हलते. त्यानंतर पाळण्याच्या कडेवर टकटक वाजवत झोपायची.

ती चौदा महिन्यांची असताना उन्हाळा आला, गावाकडं लग्न होतं. पायाला घामोळं उठलं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "पाय तर सरळ दिसतोय, कशाला छळता पोरीला?" खरंच सरळ दिसत होता रे. चालत होती. आधी एक रात्र राहिली, मग लग्नाचा आठवडा, मग सगळा मे महिना. बूट माळ्यावर गेले. जूनमध्ये ओल्या फरशीवरून ती चालत गेली आणि मला तिच्या पावलांचे ठसे दिसले. डाव्याची टाच उमटली होती. उजव्याचा फक्त बाहेरचा काठ. मी तो ठसा वाळेपर्यंत बघत उभा होतो.

पुन्हा तीन प्लास्टरं घातली. चालायला शिकलेल्या पोरीला. ती प्लास्टरवर हात आपटून "काढ, काढ" म्हणायची. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की पाय परत वळतो तो बहुतेक बूट सुटल्यामुळंच. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं हळू बोलून इतकं लागलेलं नाही.

तेव्हापासून बूट माझ्याकडं. रोज रात्री मीच घालतो. सुती मोजा, गुडघा वाकवून टाच आधी खाली, मग मधला पट्टा घट्ट, मग नाडी. बुटाच्या मागच्या भोकातून टाच टेकलीय का ते बघायचं. लाल झालं तर चालतं, फोड आला तर दाखवायचं, पण तिथं तेल-क्रीम लावायचं नाही. उजवं पाऊल डाव्यापेक्षा थोडं लहान राहणार आहे, पोटरी थोडी बारीक. चालण्यात कुणाला कळत नाही.

खर्चाचं विचारलंस. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना आहे, २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झालेली, त्यात हा आजार येतो. साडूंनी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, खासगीकडं जायची घाई नको.

त्यांना माझा नंबर दे. पहिल्या मंगळवारी मीच त्यांच्याबरोबर जाईन, दुकानात सांगून ठेवलंय. आणि तू गणपतीला येशील तेव्हा एक रात्र मुक्काम कर. चिमी हल्ली पाहुण्यांसमोर स्वतःच पाय पुढं करते आणि पट्टा कुठल्या भोकात घालायचा ते दाखवते. बूट तुला घालायला लावेल.

दहा वाजले, ती पलंगावरून हाका मारतेय. मोजे दोरीवरून काढायचेत.

तुझा,
नाना