मिरचीला गेलेल्यांची ग्रामसभा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावची २६ जानेवारीची ग्रामसभा यंदाही कोरमअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्यामुळे पुढच्या खेपेला वीस-पंचवीस जणांनी हात वर केले आणि बोडीतल्या (गावच्या लहान तळ्यातल्या) मासोळीचा लिलाव मंजूर झाला. सारे सातबारावाले. माझ्या नावावर दोन एकर धानाची जमीन आहे, म्हणून त्यात मीही होतो. ज्यांच्या घरी त्याच मासोळीचं कालवण शिजतं, ती घरं तेव्हा कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडत होती.

आमच्या सिंदेवाहीकडे धान निघाला की भूमिहीनाला गावात काम उरत नाही. पहाटे पिकअप येते. तांदळाचं गाठोडं, रांधायचा गंज, ताडपत्री आणि शाळेतून काढलेलं पोर घेऊन माणसं चढतात. मजुरी किलोवर. हात असे भगभगतात की रात्री पोराच्या तोंडालाही लावता येत नाहीत. मार्चमध्ये शेजारच्या काकूंचा तिकडून फोन आला. पहिलाच प्रश्न, "मोहा पडाले लागला का जी?" जंगल सरकारचं असलं तरी कोणता मोह कोणाच्या घरचा, हे गावात ठरलेलं असतं. काकूंच्या दोन झाडांखालचा मोहा तोवर दुसऱ्यानं वेचून वाळतही घातला होता. मी म्हटलं, "हो, लागला," अन् विषय बदलला.

ग्रामसभेच्या बाकीच्या तारखाही तशाच. १ मेच्या सुमारास तेंदूपत्ता, १५ ऑगस्टला धानाची रोवणी. उरली २ ऑक्टोबरची. तिचा निम्मा वेळ स्वच्छतेच्या शपथेत जातो.

वनहक्काच्या ग्रामसभेला वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे किमान निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया. अट रास्तच आहे. पण मिरचीला जातात त्यांत बायाच जास्त. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण आम्हाला येणारा प्रत्येक साहेब देतो. तिथं सारं गाव बसून एकमतानं ठरवतं. आमचं गाव बसणार कधी?

वर्षाला चार सभा ही किमान संख्या आहे, पाचवी घ्यायला कोणाची ना नाही. धान चुरून झाला की, पिकअप यायच्या आधी, डिसेंबरात एका संध्याकाळी सभा घ्यावी. बोडी, चराई, वनहक्क हे विषय त्याच सभेत यावेत. सरपंचांना मी हे बोललो. ते म्हणाले, "वरून परिपत्रक येऊ द्या, घेऊ." परिपत्रक काढणाऱ्यांपैकी कोणी आपला पेपर वाचत असेल, म्हणून हे पत्र.

आपला,
एक वाचक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर