युद्धकाळातही निरपराधांना संरक्षण हवे

महोदय,

युद्ध पेटले की शत्रुदेशातील लोकांशी चेहरा, नाव किंवा धर्म जुळणारा शेजारी एका रात्रीत संशयित ठरतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना काटेरी कुंपणाआडच्या छावण्यांत डांबले गेले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. ना आरोपपत्र, ना सुनावणी. १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही या कारवाईला आव्हान देणाऱ्या कोरेमात्सु खटल्यात सरकारचीच बाजू उचलून धरली. माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर देणारा कायदा झाला तो थेट १९८८ मध्ये. तोवर कितीतरी जण हे जग सोडून गेले होते.

आपले हातही स्वच्छ नाहीत. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धाच्या वेळी चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवले गेले. युद्ध महिन्याभरात थांबले, काहींची कैद मात्र वर्षानुवर्षे संपली नाही.

हेरगिरीचा पुरावा असेल तर त्या माणसावर जरूर खटला भरावा. त्याच्या आजीला आणि शाळकरी मुलांना कोंडायचे कशासाठी? केवळ वंश वा धर्मावरून कोणालाही स्थानबद्ध करता येणार नाही आणि प्रत्येकाला ठरावीक मुदतीत न्यायाधीशासमोर उभे करावेच लागेल, अशी स्पष्ट तरतूद शांततेच्या काळातच व्हावी. तोफा धडाडू लागल्यावर ती मागणाऱ्यालाच देशद्रोही म्हटले जाते. आणि देवळीच्या छावणीत राहिलेले जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांची संसदेने जाहीर माफी मागावी.

– एक वाचक