दोन शाळांच्या मध्ये अडकलेली मुले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंध मुलांचे शिक्षण म्हटले की ब्रेलची पाटी आणि पांढरी काठी एवढेच बहुतेकांच्या मनात येते. ज्यांना दिसत नाही आणि शिवाय ऐकूही येत नाही, किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) ज्यांचे हात ब्रेलवर फिरू शकत नाहीत, किंवा ज्यांना बौद्धिक अक्षमताही आहे, अशा मुलांचा विचार त्यात होत नाही. वास्तविक ही दुखणी बरेचदा एकाच मुळातून येतात. गरोदरपणात आईला झालेल्या रुबेला या विषाणूच्या संसर्गामुळे बाळाचे डोळे, कान आणि हृदय अशा तिन्हींना इजा पोहोचू शकते. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला धोका असतो, तसाच मेंदूलाही. काही मुलांचे तर डोळे तपासणीत ठीक निघतात, पण मेंदूतील दृष्टीच्या मार्गांना इजा झालेली असल्यामुळे त्यांना सकाळी दिसलेली वस्तू थकल्यावर संध्याकाळी ओळखता येत नाही, आणि मग ‘नाटक करतो’ हा शेराही तीच ऐकून घेतात.

मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. अंधशाळा सांगते, ‘याला ब्रेल जमणार नाही’, आणि बौद्धिक अक्षमतेच्या मुलांची शाळा सांगते, ‘आमचे सगळे साहित्य चित्रांचे आहे’. अशा दोन उत्तरांच्या मध्ये वर्षे वाया गेलेली मुले मी पाहिली आहेत. बुद्धीची चाचणीदेखील चित्रे आणि ठोकळे मांडूनच घेतली, तर न दिसणाऱ्या मुलाचा त्यात निभाव कसा लागणार?

अशा मुलाला शिकवायचे म्हणजे अंधत्वाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या अक्षमतेच्या अभ्यासक्रमाची बेरीज करायची, असा समज आहे, आणि माझ्या मते मूळ चूक तीच आहे. लॉरा ब्रिजमन ही अंध आणि बधिर मुलगी १८३७ मध्ये बोस्टनच्या अंधशाळेत आली, तेव्हा चमचा, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिचे शिक्षण सुरू झाले. वस्तू आधी हातात, तिचे नाव नंतर, हा क्रम आजही चालतो. वर्गात आम्ही कप्प्यांची एक पेटी ठेवतो: पहिल्या कप्प्यात चमचा म्हणजे जेवण, दुसऱ्यात टॉवेल म्हणजे अंघोळ, तिसऱ्यात झोक्याच्या दोरीचा तुकडा. एक काम संपले की मूल ती वस्तू उचलून ‘संपले’च्या डब्यात टाकते. ज्याला दिवस म्हणजे कुठून तरी अचानक येऊन आपल्याला उचलणारे हात एवढेच ठाऊक होते, त्याला पुढे काय होणार हे प्रथमच कळू लागते. एका मुलाने जेवण आटोपल्यावर टॉवेल बाजूला सारून दोरीचा तुकडा माझ्या हातात दिला होता. त्या दिवशी अंघोळ नंतर झाली, हे सांगायला नकोच.

दुसरी बाब हातांची. मुलाचा हात वरून धरून काम करवून घेणे शिक्षकाला सोपे वाटते, पण तेच हात त्याचे डोळे आहेत आणि ते असे धरले की मूल आक्रसते. म्हणून शिक्षकाने आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे त्याला हवे तेव्हा सोबत येता येते आणि नको तेव्हा हात काढूनही घेता येतो. त्यानंतर थांबावे लागते, कधी कधी मिनिटभरसुद्धा, आणि एका वर्गात मुले जास्त व शिक्षक एकच असला की पहिली काटछाट याच थांबण्यावर होते.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराच्या २४व्या कलमात अंधबधिर मुलांचा स्पष्ट उल्लेख असून, त्या त्या मुलाला सर्वांत योग्य ठरेल अशा भाषेत आणि संवादाच्या मार्गाने शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. शाळांनी निदान प्रवेश अर्जापासून सुरुवात करावी. त्यात मुलाला काय येत नाही, याचे रकाने भरपूर असतात. ‘भूक, वेदना, आनंद आणि नकार हे मूल कसे कळवते?’ असा एक रकाना त्यात घालावा आणि तो आईकडून भरून घ्यावा. पहिल्या दिवशी शिक्षकाला त्याहून उपयोगी असे दुसरे काहीही हाती लागत नाही.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका