गिरणगावात घर घेताना आधी पावती बघा

महोदय,

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड या पट्ट्यात घर शोधायला येणारा माणूस हल्ली मान वर करून फिरतो. टॉवर दिसतात, मॉल दिसतो, मेट्रो जवळ आलेली असते. १९८२च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनी आणि भोवतालच्या चाळी यांवरच हे सगळे उभे राहिले आहे. त्यामुळे एकाच गल्लीतल्या तीन घरांना तीन वेगळे नियम लागतात. दलाल मात्र तिन्हींना ‘रूम’ नाहीतर ‘फ्लॅट’ म्हणून मोकळा होतो.

सर्वांत स्वस्त पडते ती ‘लवकरच रीडेव्हलपमेंट’ असलेल्या चाळीतली खोली. ती बहुधा पागडीची असते. म्हणजे तुम्ही मालकी घेत नसून भाडेकरूचा हक्क घेता. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी वैध ठरवली, पण मालकाच्या संमतीवाचून हक्क तुमच्या नावावर होत नाही. मालक साधारण किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मागतो आणि मग तुमच्या नावाने भाडेपावती देतो. हा हिस्सा वाचवायला ‘सध्या नोटरी करून घेऊ, पावती नंतर’ असे कोणी सुचवले तर तिथूनच परत फिरावे. बँका पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत, हेही हिशेबात धरावे.

विक्रेत्याकडून जुन्या पावत्यांचा गठ्ठा मागा. नाव, खोली क्रमांक, मजला आणि शेवटचे भाडे कोणत्या महिन्याचे, हे वीजबिलाशी ताडून बघा. ३० सप्टेंबर १९६९पूर्वीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची भाडेकरूंची प्रमाणित यादी महत्त्वाची, कारण पुनर्विकासात पात्रता त्या यादीवर ठरते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७)नुसार १३ जून १९९६नंतर निर्माण केलेली नवी भाडेदारी धरत नाहीत. जुन्या भाडेदारीचे हस्तांतर चालते. गोंधळ होतो तो इथेच. १० बाय १८ची खोली, मधे प्लायवूडचे पार्टिशन, दोन भावांचे दोन चुली आणि दोन मीटर. दुसरी पावती त्या तारखेनंतर फाडलेली असेल, तर नव्या इमारतीत घर एकच मिळते. ‘अर्धी खोली’ विकत घेणाऱ्याच्या हाती मग वीजबिल तेवढे उरते. वेगळा मीटर म्हणजे वेगळी भाडेदारी नव्हे. अनधिकृत पोटमाळ्याचेही तसेच, त्याचे चौरस फूट दलाल मोजतो, पुनर्विकासात ते धरले जात नाहीत.

या १८० चौरस फुटांच्या जागी नियमाप्रमाणे किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. खोलीचा भाव चढतो तो याच जोरावर. म्हणून प्रमाणित यादी प्रत्येक उपकरप्राप्त इमारतीच्या जिन्याखाली लावणे म्हाडाने सक्तीचे करावे, अशी आमची मागणी आहे. एक कागद आणि चार टाचण्या, एवढाच खर्च.

दुसरा प्रकार गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेल्या २२५ चौरस फुटांच्या घरांचा. ठरावीक वर्षे ती विकताच येत नाहीत. तरी ‘पॉवर’वर, म्हणजे कुलमुखत्यारपत्रावर, व्यवहार होतात. पॉवर देणारा वारला की पॉवरही संपते आणि वारस दारात उभे राहतात.

तिसरा प्रकार टॉवरमधल्या विक्रीच्या घरांचा. तिथे कागद सरळ असतात: महारेरा (गृहप्रकल्प नियामक) क्रमांक, करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम न देणे, मुद्रांक शुल्क ६ टक्के (घर फक्त स्त्रीच्या नावावर असल्यास ५), नोंदणी फी ३० हजार आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला). यांत्रिक पार्किंगच्या एका कप्प्यात आपली गाडी उंचीने बसते का, एवढे मात्र स्वतः मोजा.

आणि घर कुठलेही असो, जागा बघायची ती पावसाळ्यात, भरतीच्या दिवशी. परळ-दादरमधला हिंदमाता हा बशीसारखा खोलगट भाग. भरती ४.५ मीटरच्या वर गेली की गटारांतले पाणी समुद्रात जात नाही. २०२१ साली महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानात पावसाचे पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधल्या, त्याने फरक पडला. पण रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने कित्येक जुन्या चाळींची जोती रस्त्याच्या खाली गेली आहेत. जिन्याजवळच्या भिंतीवर ओलीची रेघ शोधा आणि वीजमीटर तिच्या वर आहेत की खाली ते बघा. खाली असतील तर सोसायटीने ते वर घेतल्याखेरीज बयाणा देऊ नये.

जाता जाता एक. लालबागला घर घ्यायचे आणि गणपतीत ढोल नको म्हणायचे, असे चालायचे नाही. त्या दहा दिवसांत टेम्पो गल्लीत शिरणार नाही, तेव्हा सामान त्याआधी हलवा.

— काही स्थापत्य अभियंते, परळ