साठ हजारची पुडी मुलांना रोज नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मधे व्हिटॅमिन डी कमी असण्याबद्दल आलं होतं, चांगलंच केलंत, पण डी जास्त झालं तर लहान मुलांचं काय होतं तेही छापा अशी कळकळीची विनंती. आमच्याकडे गुहागर-दापोली पट्ट्यात हल्ली मुलाचे पाय दुखले, केस गळले की कोणीतरी म्हणतंच डी कमी असेल, आणि मेडिकलमधून व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आणून दुधातून देतात, टेस्ट नाही की डॉक्टर नाही.

माझ्या भावाच्या मुलीचं डी खरंच कमी होतं. डॉक्टरांनी पुडी आठवड्यातून एकदा लिहिली होती, पण मेडिकलवाल्याने पाकिटावर पेनाने १-०-० लिहून दिलं आणि घरच्यांनी ते बघून रोज सकाळी एक दिली. मग पोर जेवेना, उलट्या, शौचाला कडक, सारखं पाणी पाणी आणि रात्री उठून उठून लघवी. सगळ्यांना वाटलं वैशाखाचं ऊन बाधलं. शेवटी पोटात कळ आली तेव्हा रत्नागिरीला नेली, सोनोग्राफीत मुतखडा, रक्तात कॅल्शियम वाढलेलं आणि डी शंभरच्या कितीतरी वर!

१ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला ६०० युनिट पुरतं, वर्षाखालच्या बाळाला ४००. म्हणजे ६०,००० च्या एका पुडीत १०० दिवसांचं डी झालं, ते रोज दिलं तर काय होणार? डी जास्त झालं की आतडी अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढतात, ते लघवीत उतरतं आणि किडनीत त्याचे खडे होतात. शिवाय हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, त्यामुळे पुडी बंद केली तरी कॅल्शियम खाली यायला कित्येक आठवडे जातात. काही मुलांच्या अंगात डी मोडणारं एन्झाइमच जन्मापासून नीट काम करत नाही, त्यामागचा जनुकातला बिघाड २०११ साली सापडला, अशा मुलांना नेहमीच्या डोसनेही बाधतं. म्हणून घरात कोणाला लहानपणी मुतखडा झाला असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

पण म्हणून घाबरून डी बंदही करू नका, कमी पडलं तर मुडदूस होतो. मुतखडा असलेल्या मुलांतही डी कमी निघतं, तेव्हा डॉक्टर लघवीतलं कॅल्शियम तपासून बेताने देतात. निरोगी मुलांत उन्हाने मात्र डी अति होत नाही, कातडीत जादाचं झालेलं ऊनच मोडून टाकतं, तेव्हा पोरांना बाहेर खेळू द्या.

आणि मुतखडा म्हटलं की दूध बंद, नाचणी बंद, हे घरोघरी चालतं ते ऐकून फार वाईट वाटतं. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असताना डॉक्टरांनी काही दिवस थांबवायला सांगितलं तर गोष्ट वेगळी, एरवी जेवणातलं कॅल्शियम ऑक्सलेटला, म्हणजे अन्नातल्या खडे करणाऱ्या घटकाला, आतड्यातच धरून ठेवतं आणि ते कमी केलं तर खडे उलट वाढायची भीती. कमी करायचं ते मीठ, कारण मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. सुकट, लोणचं, वेफर्सची पाकिटं सगळं त्यात आलं. आणि पाणी! आपल्या दमट हवेत घामानेच इतकं पाणी जातं आणि शाळेतल्या मुली बाथरूम घाण म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी येते. शाळांनी निदान ती बाथरूमं तरी स्वच्छ ठेवावीत.

मेडिकलवाल्यांना हात जोडून सांगणं आहे, चिठ्ठीशिवाय ही पुडी देऊ नका आणि पाकिटावर 'आठवड्यातून एकदाच' असं मराठीत ठळक लिहून द्या, शिवाय वारही लिहा, रविवार तर रविवार. तुम्हीही पेपरात एवढंच चौकटीत छापलंत तर गावागावात पोचेल.

आपली एक वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी